परत कोण आलं? एका संशोधन प्रश्नाची घडण

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती माझ्या टेबलापाशी आली तेव्हा तिच्या हातातल्या कागदावर एकच ओळ होती : ‘१९७२ चा महाराष्ट्रातील दुष्काळ : एक अभ्यास’. एम. ए. इतिहासाची विद्यार्थिनी, माणदेशातल्या, म्हणजे सातारा-सांगली-सोलापूरकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावची, रोज एसटीने ये-जा करणारी. संशोधन प्रकल्पाचा विषय शुक्रवारपर्यंत विभागात द्यायचा होता.

“मॅडम, चालेल ना?”

मी विचारलं, “यातलं तुला नेमकं काय शोधायचंय?”

“सगळंच. कारणं, परिणाम, उपाययोजना.”

दरवर्षी माझ्याकडे सहा-सात प्रकल्प येतात आणि बहुतेक मुलं इथेच अडतात. त्यांच्याकडे विषय असतो, प्रश्न नसतो. ‘एक अभ्यास’ हे दोन शब्द लावले की शीर्षक भारदस्त वाटतं, पण अभ्यास कशाचा आणि कशासाठी, ते झाकलं जातं. या मुलीचा ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंतचा प्रवास मी तेव्हाच टिपून ठेवत होते. तिच्या संमतीने, तिचं आणि गावाचं नाव वगळून, तो इथे सविस्तर मांडते आहे. प्रश्न कसा सापडतो हे वर्गात फळ्यावर शिकवणं मला कधी नीट जमलेलं नाही. या एका उदाहरणात मात्र ते पायरीपायरीने दिसलं.

बारा पानं

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरून उतरवून घेतलेल्या एका प्रबंधाच्या धर्तीवर तिने पाच प्रकरणांचा आराखडा केला होता, आणि आठवड्याभरात बारा पानांच्या नोंदी आणल्या. काम प्रामाणिक होतं. १९७० पासून लागोपाठ कमी झालेला पाऊस आणि १९७२ ला त्याने पुरती मारलेली दडी. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर असलेली जवळपास ५० लाख माणसं. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामाच्या जागी खायला वाटली जाणारी सुकडी. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना, तासगाव तालुक्यातला तिचा आरंभीचा प्रयोग, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी आणि पुढे २००५ मध्ये त्याच वाटेने आलेला केंद्राचा कायदा. सगळं बरोबर होतं.

तरी बारा पानांत असं एकही वाक्य नव्हतं की ज्यावर कुणी “हे तुला कशावरून कळलं?” असं विचारावं. सगळं आधी कुणीतरी सांगून ठेवलेलं होतं. माझी एक साधी कसोटी आहे. ज्याचं उत्तर ‘हो’ही येऊ शकतं आणि ‘नाही’ही, आणि जे आज आपल्याला खरोखर ठाऊक नाही, तो प्रश्न. ‘दुष्काळाचा लोकजीवनावर काय परिणाम झाला?’ याचं उत्तर ‘वाईट परिणाम झाला’ असंच येणार, आणि ते घरी बसूनही सांगता येतं.

पुढच्या भेटीत तिने चॅटजीपीटीकडून घेतलेले दहा प्रश्न दाखवले. भाषा सफाईदार होती. मी तिला म्हटलं, यातला प्रत्येक प्रश्न जिल्ह्याचं नाव बदलून वाच. सातारा काढून लातूर घातलं, नगर घातलं, राजस्थानातला एखादा जिल्हा घातला, तरी प्रश्नाला काही होत नव्हतं. तिला ते स्वतःलाच दिसलं आणि तिने कागद वहीत ठेवून दिला. मग मी तिला एक काम दिलं : आठवडाभर काही वाचू नकोस. गावात ज्यांनी ती कामं केली त्यांच्याजवळ बस. तुझ्या बारा पानांशी जुळत नाही अशी एक तरी गोष्ट घेऊन ये.

हजेरीपट

ती परत आली ती बायकांबद्दल बोलत. गावातले बरेच पुरुष तेव्हा मुंबईला, गिरण्यांत नाहीतर गोदीत. खडी फोडायला, पाझर तलावाची माती उचलायला गेल्या त्या बायका. बारा पानांत ‘मजूर’ एवढाच शब्द होता, त्यामागच्या बायका तिला आता दिसायला लागल्या होत्या. तिने प्रश्न मांडला : ‘१९७२-७३ च्या दुष्काळी कामांवर स्त्रियांना पुरुषांइतकी मजुरी मिळत होती का?’

हा खरा प्रश्न होता. हो किंवा नाही, दोन्ही शक्य. मला तो इतका आवडला की मी घाई केली, आणि या प्रकरणातली मोठी चूक माझी आहे. मजुरीचं उत्तर द्यायला मस्टर लागतात, म्हणजे कामावरचे हजेरीपट : कुणी किती दिवस काम केलं, किती ब्रास खडी पडली, कुणाला किती रुपये वाटले. ते आज कुठे आहेत, आहेत तरी का, हे आधी विचारायला हवं होतं. आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज केला आणि उत्तराची वाट बघत बसलो. कायद्याने ३० दिवसांची मुदत, ती जवळपास पुरी झाल्यावर उत्तर आलं : सदर अभिलेख मुदतीनंतर नष्ट करण्यात आले आहेत.

यात कुणाचा दोष नव्हता. सरकारी अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायम जपायचा, ब वर्ग ३० वर्षं, बाकीचे त्याहून कमी. पन्नास वर्षांपूर्वीच्या खडी केंद्राचा हजेरीपट आज हाती लागण्याची आशा मुळातच अंधुक होती, आणि हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. अर्ज जरूर करायचा, पण त्याच दिवशी दुसऱ्या साधनाचा शोधही सुरू करायचा. सप्टेंबरचा महिना असा गेला.

मजुरीचा प्रश्न मुलाखतींवर तोलता येईल का, हेही आम्ही पाहिलं. नाही येत. गावात त्यानंतरही वर्षानुवर्षं रोजगार हमीची कामं निघत राहिली. ‘तीन रुपये मिळायचे’ असं एखादी आजी सांगते तेव्हा ते बहात्तरचे की पुढच्या एखाद्या सालचे, हे तिलाही सांगता येत नाही. उन्हाचा चटका, हातावरचे फोड, मुकादमाचं बोलणं हे आठवणीत पक्कं असतं. आकडे एकमेकांत मिसळतात.

आजी शाळेबद्दल बोलली

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती बरीच खचली होती. “मॅडम, विषय बदलू का?” मी तिला म्हटलं, आधी झालेल्या मुलाखती शब्दन्‌शब्द उतरवून काढ, मग ठरवू. मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेल्या चार मुलाखती होत्या, त्यातली एक तिच्या स्वतःच्या आजीची.

उतरवून काढणं कंटाळवाणं असतं. एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास सहज जातात. पण ऐकताना जे निसटतं ते लिहिताना निसटत नाही. तिने आजीला विचारलं होतं, “पगार किती मिळायचा?” आजीचं उत्तर असं होतं :

“पगार आईला. मी तवा तिसरीत व्हते. आई खडी फोडाया जायाची, धाकटा माझ्या कडंवर. शाळंतनं माझं नाव कमी केलं ते केलंच. भावाचं ऱ्हायलं.”

हे नातीने लहानपणापासून कितीदा तरी ऐकलं होतं. घरातली गोष्ट म्हणून ऐकलं होतं, पुरावा म्हणून कधीच नाही. कागदावर लिहिलं तेव्हा तिला दिसलं की आपण मजुरी विचारत होतो आणि आजी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधी ती विभागाच्या दारात उभी. “मॅडम, शाळेत नाव असतं ना? म्हणजे नाव कमी केल्याचीही नोंद असेल?”

त्या वाक्याला मी या प्रकल्पाची सुरुवात मानते.

जनरल रजिस्टर

नोंद असते. प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर, ज्याला गावाकडे दाखल-खारीजही म्हणतात, ते कायम जपायचं दप्तर आहे. आजही कुणाला दाखला लागला, जातीच्या पडताळणीला पुरावा लागला, की मुख्याध्यापक कपाटातून तेच काढतात. हजेरीपट गेले तरी हे राहिलं ते म्हणूनच. लोकांना त्याची अजून गरज पडते.

कॉलेजचं पत्र, गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि मुख्याध्यापकांचा होकार, याला बारा दिवस लागले. आम्ही लेखी कबूल केलं की रजिस्टर शाळेबाहेर जाणार नाही, फोटो काढणार नाही, शोधनिबंधात कुणाचंही नाव येणार नाही, फक्त रजिस्टर क्रमांकावरून केलेली सांकेतिक खूण येईल. जातीचा रकाना फक्त प्रवर्गापुरता वापरायचा असं ठरलं. पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले.

कापडी पाठीचं, हाताएवढ्या लांबीचं रजिस्टर. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई विटकरी झालेली. रकाने ओळीने : क्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडल्याचं कारण, शेरा. पहिल्या अर्ध्या तासात तिने आजीची नोंद शोधली. कारणाच्या रकान्यात दोन शब्द होते : ‘सतत गैरहजर’. मोठ्या भावाची नोंद काही पानं आधी होती. त्याच्या पुढे ‘सातवी उत्तीर्ण’.

संध्याकाळी तिने आजीला ते वाचून दाखवलं. आजी म्हणाली, “गैरहजर कुठं? तळ्यावरच व्हते की रोज.”

हे मुलीने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी तिला ते तसंच वहीत लिहून ठेवायला सांगितलं. साधनाची चिकित्सा म्हणून आम्ही जे शिकवतो ते यात सगळं आहे. कारणाचा रकाना मुलीने भरलेला नाही, गुरुजींनी भरलेला आहे. गुरुजींच्या जागेवरून दिसतं ते एवढंच की मूल वर्गात नाही. का नाही, याला त्या रकान्यात जागा नव्हती. म्हणजे रजिस्टरवरून ‘मुलींनी शाळा का सोडली’ याचं उत्तर मिळणार नाही. कोणी सोडली, केव्हा सोडली आणि कोण राहिलं, याचं मिळेल.

‘केव्हा’मध्येही खोच आहे. सोडल्याची तारीख ही नाव कमी केल्याची तारीख असते. मूल त्याआधी कितीतरी महिने येत नसेल. गुरुजी वाट बघतात, पटसंख्या टिकवायची असते, मग वर्षअखेरीला एकदम नावं कमी होतात. म्हणून महिन्यांचा हिशेब करायचा नाही, शैक्षणिक वर्षाचा करायचा, असं तिने ठरवलं.

जन्मतारखेचा रकाना तर जवळजवळ बाजूलाच ठेवावा लागला. पानामागून पान १ जून. शाळेत घालताना तारीख माहीत नसेल तर गुरुजी अंदाजाने साल धरत आणि १ जून लिहीत. माझ्या पिढीतल्या आणि त्याआधीच्या कितीतरी माणसांचा कागदोपत्री वाढदिवस तोच आहे. वयावरून काही मोजलं असतं तर सगळं डळमळलं असतं. वयाऐवजी इयत्ता घ्यायची, हे तिला रजिस्टर बघितल्याशिवाय सुचलं नसतं.

प्रश्न पाच वेळा लिहिला गेला

तिची वही माझ्यासमोर आहे. तिसरं रूप होतं : ‘१९७२ च्या दुष्काळाचा मुलींच्या शिक्षणावर झालेला परिणाम’. ‘परिणाम’ हा शब्द खोडायला लावला. परिणाम म्हटलं की दुष्काळ नसता तर काय झालं असतं हे सांगावं लागतं, आणि मुली तर दुष्काळाआधीही चौथीनंतर शाळा सोडतच होत्या. नुसती १९७२-७३ सालची गळती मोजून सगळी दुष्काळाच्या माथी मारता येत नाही. म्हणून आधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं घ्यायची, आणि त्याच रजिस्टरातले मुलगे शेजारी ठेवायचे. १९७१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय साक्षर पुरुष आणि स्त्रियांचे आकडे आहेत. दुष्काळाच्या ऐन तोंडावर गाव कुठे उभं होतं हे त्यावरून कळतं.

चौथं रूप : ‘१९७२-७३ मध्ये मुलग्यांच्या तुलनेत अधिक मुलींची नावे कमी झाली का?’ याचं उत्तर मिळालं असतं, पण त्या उत्तराने फारसं काही उलगडलं नसतं. ते लिहून ती गप्प बसून राहिली, मग म्हणाली, “आजीला नाव गेल्याचं तितकं वाईट वाटत नाही. परत घातलं नाही याचं वाटतं.”

तिथे प्रश्न वळला. दुष्काळात शाळा सुटली असेल, पुष्कळांची सुटली. १९७३ ला पाऊस झाला, कामं ओसरली, मग परत कोण आलं? रजिस्टरात याचा माग लागतो. पुन्हा दाखल झालेल्या मुलाला बहुधा नवा क्रमांक मिळतो. तेच नाव, तोच बाप, पुढच्या पानावर पुन्हा. शेऱ्यात कधी जुना क्रमांक लिहिलेला असतो, कधी नसतो. पाचवं आणि शेवटचं रूप असं :

‘माणदेशातील एका गावच्या प्राथमिक शाळेतून १९७२-७३ मध्ये नाव कमी झालेल्या मुलामुलींपैकी १९७६ पर्यंत पुन्हा कोण दाखल झाले, आणि न परतलेल्या मुली त्याची काय कारणे सांगतात?’

पहिला भाग रजिस्टरासाठी, दुसरा मुलाखतींसाठी. कोणतं साधन कशाचं उत्तर देणार, हे प्रश्नाच्या वाक्यातच वाटून दिलेलं आहे. संशोधन पद्धतीचं प्रकरण तिला वेगळं रचावं लागलं नाही, ते या वाक्यातून आपोआप उतरलं.

याच्या मर्यादा तिने आराखड्यात स्पष्ट मांडल्या. ज्या मुली शाळेत कधी घातल्याच नाहीत त्या या रजिस्टरात नाहीत, म्हणजे सर्वांत गरीब घरं कदाचित निसटतील. कुणी शेजारच्या गावच्या शाळेत गेली असेल तर इथे ती ‘न परतलेली’ दिसेल. आणि आज मुलाखत देणाऱ्या बायका या हयात असलेल्या, पत्ता लागलेल्या बायका आहेत. मला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. मुलं मर्यादा लिहायला घाबरतात, गुण जातील म्हणून. मी तर असे आराखडे आधी वाचायला घेते.

आराखडा आणि दिनदर्शिका

विभागाच्या नमुन्यात ‘गृहीतके’ असा रकाना आहे आणि तो भरावाच लागतो. पुष्कळ मुलं निष्कर्ष आधी लिहून त्यालाच गृहीतक म्हणतात. तिने एकच लिहिलं : ज्या घरात सांभाळायला लहान भावंड होतं तिथल्या मुली परतण्याचं प्रमाण कमी असावं. आजीच्या ‘धाकटा माझ्या कडंवर’ या शब्दांतून ते आलं होतं. रजिस्टरात एकाच बापाची मुलं ओळखता येतात, म्हणून काही अंशी तपासताही येईल. खोटं ठरलं तरी ती लिहिणार आहे, हे आमचं ठरलेलं आहे.

वेळापत्रक आम्ही मागून पुढे केलं. निबंध एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा, म्हणजे मार्च अखेर पूर्ण मसुदा. रजिस्टर फक्त शाळेच्या वेळेत, तेही परीक्षा नसताना बघता येतं, म्हणून ते काम नोव्हेंबर-डिसेंबरात. मुलाखती जानेवारी संपायच्या आत, कारण फेब्रुवारीत शाळूची काढणी सुरू झाली की कुठल्याही बाईला दोन तास बसवून ठेवणं अन्यायाचं आहे. लेखनाची सुरुवात प्रस्तावनेपासून करायची नाही, रजिस्टरच्या प्रकरणापासून करायची. ती बारा पानं वाया गेली नाहीत. त्यांची आता अडीच पानं होतील, पार्श्वभूमी म्हणून. उताऱ्यांची नक्कल होण्याची भीतीही त्यामुळे उरली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाविना आहे, आणि मुलं त्या आकड्याच्या धाकाने शब्द फिरवत बसतात. जे साधन दुसऱ्या कुणी उघडलेलंच नाही त्यावर लिहिताना शब्द फिरवायची वेळ येत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी समितीपुढे आराखडा गेला. एका ज्येष्ठ सरांनी अपेक्षित प्रश्न विचारला, “एकाच गावावर? यावरून महाराष्ट्राबद्दल काय सांगणार?”

ती म्हणाली, “सर, महाराष्ट्राबद्दल काही सांगणार नाही. असं रजिस्टर प्रत्येक गावच्या शाळेत आहे. ते कसं वाचायचं, कुठे फसवतं, एवढं एका गावावरून नीट दाखवते. दुसऱ्या गावाचं दुसरं कुणी करेल.”

शीर्षकात ‘शाळागळती’ शब्द घालावा अशी सूचना आली. तिने तो शब्द प्रकरणांत वापरायचं कबूल केलं, शीर्षकात ‘नाव कमी होणे’ राहू द्या म्हणून विनंती केली, कारण रजिस्टरात आणि बायकांच्या बोलण्यात तोच शब्द आहे. ती मान्य झाली.

रजिस्टरातून न परतलेल्या मुलींची यादी तयार झाल्यावर त्यांना गाठायचं कसं, हा प्रश्न होता. आडनावं लग्नानंतर बदललेली, गावं बदललेली. आजीने तो सोडवला. नातीने एकेक नाव घ्यायचं आणि आजीने सांगायचं, ही कुठल्या गावी दिली, हिचा भाऊ अजून इथंच आहे, ही वारली. मग त्या भावांकडून फोन नंबर, आणि आधी फोनवर विचारायचं, तुमचं शाळेतलं नाव आम्ही वाचलं आहे, बोलाल का. तिघींनी होकार दिला आहे, एकीने नको म्हटलं. पहिली मुलाखत डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सांगोल्याजवळच्या एका वस्तीवर ठरली आहे. सोबत आजीही जाणार आहे. तिसरीत त्या दोघी एकाच बस्करावर बसायच्या.